अस्तर लावलेली पँट

जिन्याखालच्या दुकानात मास्तरांनी उभी हयात लोकांचे कपडे शिवले. खुबा झिजला तेव्हा कृत्रिम सांधा बसवून घेतला आणि उठून बसता येताच आरशात आधी टाके तपासले. "बरे आहेत," म्हणाले, जणू सर्जन त्यांच्याच हाताखाली शिकायला होता.

काही महिन्यांनी त्या व्रणातून ओलं झिरपू लागलं. दुसऱ्या कोणीही दवाखाना गाठला असता. पण मास्तर पडले कारागीर! त्यांनी पँटला आतून मऊ अस्तर लावलं, बटणं काढून बदलता येईल असं. बाहेरून ना डाग दिसे, ना शिवण. एवढं झकास काम बायकोला दाखवता येत नाही, याचीच काय ती हळहळ. खरं तर पुन्हा कापाकापी होईल म्हणून त्यांची पाचावर धारण बसली होती.

शेवटी ताप भरला, पाय टेकवेना. तपासणीच्या टेबलावर पँट उतरली आणि बिंग फुटलं. डॉक्टरांनी अस्तर उलटसुलट करून पाहिलं. लगेच आला असतात तर आतून धुऊन सांधा वाचवायचा प्रयत्न करता आला असता, म्हणाले. आता जंतू धातूला घट्ट चिकटले होते. तो सांधा काढायचा, औषध भरलेला तात्पुरता ठेवायचा आणि जंतू गेल्याची खात्री पटली तरच नवा. नाही गेले तर सांध्याविनाच राहायचं; शिलाई मशीनचं पायडल विसरायचं.

बायकोने ते अस्तर कचऱ्यात टाकलं. "किती सुबक शिवलंत," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

सांधा निघाला, शिरेतून औषधं सुरू झाली. भेटायला येईल त्याला मास्तर आपणहून सांगत, "अतिशहाण्याचा बैल रिकामा असतो म्हणे. माझा खुबाच रिकामा केला."

घरी आल्यावर एका दुपारी मांडीखाली ओलं लागलं. मास्तरांचा हात आपसूक टॉवेलकडे गेला. दाबून धरला असता तर कोणाला कळलंही नसतं. मग त्यांनी अशी हाक मारली, की बायको गॅसवरचं तसंच टाकून धावत आली.

तिने पट्टी पाहिली, चादर चाचपली. पट्टी कोरडी ठणठणीत होती. मास्तरांच्याच कोपराने उशाजवळचा पाण्याचा पेला कलंडला होता. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

मास्तर ओशाळले. पाण्यापायी उगीच पळवलं तुला, म्हणाले.

"पळवा," ती म्हणाली. "पाणी सांडलं तरी पळवा."