तपासणीचं स्टूल

कुणाच्या गाडीचा, बंगल्याचा हेवा वाटला तर माणसाला चारचौघांत बोलून तरी दाखवता येतं. मला एका बाईच्या बोटांच्या टोकांचा हेवा वाटायचा. दुपारी डबा खाताना ती भाकरीचा तुकडा मोडायची आणि माझा घास हातातच राहायचा. हे कुणाला सांगणार?

आमचा हाताने गिटारी बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीतल्या, माडीवरच्या दोन खोल्या. मालक चाचा. मी इथे येण्याआधी वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये होतो, म्हणून अजूनही बजाजनगरला राहतो. कंपनी बंद पडली तेव्हा चाचांना कानस चालवणारा माणूस हवा होता आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

गिटारीच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. ठोकल्यावर त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. ती कापायची, लाकडाच्या कडेबरोबर घासायची, थोडा उतार द्यायचा आणि मग एकेका टोकाचे कोपरे बारीक कानशीने गोल करायचे. हे नीट झालं नाही तर वाजवणाऱ्याचा हात वर-खाली सरकताना ओरखडतो. महागातलं लाकूड, सुंदर पॉलिश, गोड आवाज, सगळं मातीत. गिऱ्हाईक हात झटकतं आणि गिटार परत ठेवतं.

चाचांची एक रीत होती. ज्याने घासलं त्याने तपासायचं नाही. "अपना काम सबकू अच्छाच लगता मियाँ," ते म्हणायचे. मी घासलेली दांडी ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसून, डोळे मिटून, बोटांनी चाचपायचे. कुठे बारीक कड राहिली असेल तर बोट थांबायचं. त्यांनी डोळे उघडून "हौ" म्हटलं की ती दांडी पास. त्या एका "हौ"साठी मी दिवसभर राबायचो, आणि मनात मात्र ठरवून ठेवलं होतं की चाचांच्या नंतर त्या स्टुलावर मीच बसणार. हक्कच होता तो माझा. दुसरं होतं कोण?

मग चाचांची शुगर वाढली आणि त्यांची बोटं बधिर झाली. एकदा त्यांनी "हौ" म्हणून दिलेली गिटार परत आली. गिऱ्हाइकाच्या अंगठ्याला चीर पडली होती. त्या दिवसापासून चाचा स्टुलावर बसेनात. मी वाट बघायला लागलो. आज म्हणतील, उद्या म्हणतील.

त्याच सुमारास ती आली. शेंद्र्याची. शेंद्र्याच्या जवळच तिचं ब्युटी पार्लर होतं, रस्ता रुंद करताना ती गाळ्यांची ओळच गेली. चाचांच्या सुनेच्या ओळखीने ती आमच्याकडे पॉलिशच्या कामाला लागली. नखं घासणारी बाई आता गिटार घासणार म्हणून मी घरी बायकोला हसून सांगितलं होतं. तेव्हा हसू येत होतं मला.

पॉलिश करताना ती एका दांडीवर थांबली. दांडी मी घासलेली, आणि चाचा तपासत नव्हते म्हणून मीच पास धरलेली.

"दादा, इथं लागतंय."

"कुठं?"

"इथं. बारीक हाय, पण लागतंय."

मी बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. "लाकडाचा रेषा असंल," मी म्हणालो. चाचा उठले, डब्यातून कापसाचा बोळा काढला आणि फ्रेटच्या टोकांवरून हलकेच ओढत नेला. तिने दाखवलेल्या जागी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. खिडकीतून वारं येत होतं आणि तो तंतू नुसता हलत होता. त्या पांढऱ्या केसाएवढ्या गोष्टीने माझी काय अब्रू गेली ते मलाच ठाऊक.

चाचांनी तिला स्टूल दिलं. मला विचारलंसुद्धा नाही. मला ते "मियाँ" म्हणायचे, तिला "बेटा" म्हणायला लागले. ती डोळे मिटून माझं काम चाचपायची आणि मी समोर गुन्हेगारासारखा उभा. "दादा, बाराव्या फ्रेटपाशी जरा बघता का?" असं अगदी अदबीने म्हणायची. तिने तोऱ्यात सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. अदबीने सांगणाऱ्याशी भांडायचं कसं? मी नुसता जळायचो. तिच्या हातांना कसला तरी वास यायचा, क्रीमचा, आणि तो वास माझ्या कानशीला लागू नये म्हणून मी ती फडक्यात गुंडाळून ठेवायचो. इतका मी वेडा झालो होतो.

दोष माझ्या घट्ट्यांचा होता हे मला कळलं होतं. टूलरूमपासून कानस धरून धरून बोटांची टोकं टायरासारखी झाली होती. चहाचा उकळता ग्लास मी सहज धरायचो. त्याचा एकेकाळी मला अभिमान होता.

मग मी घरी उद्योग सुरू केला. सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचं, टाचा घासायच्या वजरीने घट्टे घासायचे आणि वर खोबरेल तेल चोळायचं. बायको दारात उभी राहून बघायची.

"दुसरं लगीन ठरलं का काय तुमचं?"

"कामाचं हाय."

"कामानं हात खराब होत्यात, तुमचे लईच गोरेगोमटे व्हायला लागले. त्या पार्लरवालीनं सांगितलं व्हय?"

मी तोंड फिरवलं. तिला वाटलं लाजलो. लाज नव्हती ती, चीड होती. कारखान्यातही मी कानस धरायची पद्धत बदलली. तिला चिंधी बांधली, हातमोजा घातला. चाचा ते बघत असायचे. हळूहळू फरक पडला. फुलंब्रीला गावाकडे गेलो तेव्हा पुतणीच्या फ्रॉकवरची शिलाई बोटाला टाका-टाका लागली, आणि मी तिथेच खूश होऊन तिला चॉकलेटं घेऊन दिली. तिला कशाबद्दल ते कळलं नाही.

उन्हाळा आला. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात बनवलेल्या गिटारीच्या फ्रेटची टोकं पुन्हा बाहेर येतात. धातू तेवढाच, लाकूड लहान. चर्चमध्ये वाजवणारे एक गृहस्थ अशीच गिटार घेऊन आले. हात टोचतो, पण कुठे ते सांगता येत नाही म्हणाले. गिटार दुसऱ्या शहरात बनलेली होती, आमच्यापैकी कुणी घासलेली नव्हती, त्यामुळे कुणीही तपासायला मोकळं होतं. तिने चाचपली आणि दोन जागा दाखवल्या. मी म्हटलं, मी बघू का? चाचांनी मान हलवली.

डोळे मिटले. बोट फिरवलं. तिने दाखवलेल्या दोन जागा लागल्याच. आणि खाली, जाड तारेच्या बाजूला, आणखी एक. अगदी बारीक.

"हितं," मी म्हणालो.

तिने बोट लावलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, "व्हय दादा. माझ्याकडून सुटलं की."

कापूस ओढला. तंतू अडकला. मला इतका आनंद झाला की मी त्या गृहस्थांना चहा पाजला, माझ्या खिशातून. चाचांनी माझा हात आपल्या हातात घेतला, बोटांची टोकं आपल्या गालाला लावून बघितली, कारण त्यांच्या बोटांना काही कळत नव्हतं. "नरम हो गए रे," म्हणाले. "अब तू बैठ."

बसलो मी स्टुलावर. शेवटी बसलो. खिडकीतून गल्ली दिसत होती आणि मला वाटत होतं गल्लीतल्या प्रत्येकाने वर बघावं.

चाचा माझ्या बाकापाशी गेले. माझी बारीक कानस उचलली, तिची चिंधी सोडली आणि ती बाईच्या हातात दिली.

"तपासनेवाला घिसेगा नहीं," ते म्हणाले. "बेटा, अब घिसना तेरा. ये सिखाएगा."

ही रीत मला पाठ होती. वर्षानुवर्षं मी तिच्याखाली राबलो होतो. आणि इतके दिवस वजरी घासताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की स्टूल मिळालं तर कानस जाणार. मला वाटलं होतं घासायला कुणीतरी नवा माणूस येईल, ती परत पॉलिशला जाईल. मी तिच्या जागेवर एवढी नजर लावून बसलो होतो की माझी जागा कोण घेईल हे बघितलंच नाही.

शिकवलं मी तिला. कोन कसा धरायचा, कोपऱ्यावर कानस कशी लोळवायची, लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून चिकटपट्टी कुठे लावायची. मनातून वाटत होतं, हिला जमू नये. पण तिने आयुष्यभर माणसांची जिवंत नखं घासली होती, जरा जोर झाला की समोरची किंचाळणार. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. आता माझ्या पाठीमागे कानशीचा आवाज येतो, आणि तो माझा नसतो. मी डोळे मिटून तिची दांडी चाचपतो. वरून खाली, खालून वर. कुठे तरी अडकावं म्हणून पुन्हा एकदा. अडकत नाही. मग मला म्हणावं लागतं, "बराबर हाय."

"नक्की ना दादा?" ती विचारते.

"व्हय."

परवा एक मुलगी गिटार न्यायला आली. दांडीवरून हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. चेहरा उजळला तिचा. "किती मऊ आहे ही कड," ती म्हणाली. "कुणी घासलंय?"

चाचांनी बाकाकडे बोट दाखवलं. मुलगी तिकडे गेली, त्या बाईचे हात हातात घेऊन काही काही बोलत राहिली. मी स्टुलावरच होतो, त्यांच्यापासून दोन हातांवर.

तपासलं कुणी, असं मला अजून एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.