पुलाच्या अलीकडे

माझ्या मामीच्या घरी चहाला ‘नको’ म्हणणारा माणूस खरोखरच चहा न घेता परत जायचा. आपल्याकडे ‘नको’ ही चहाची पहिली पायरी असते. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह करायचा, मग ‘बरं, अर्धाच’ म्हणत भरलेला कप संपवायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. मामी एकदाच विचारायची. समोरचा ‘नको’ म्हणाला की हातातलं पातेलं परत फळीवर जायचं. मला बघायला आलेल्या मंडळींतले एक वजनदार काका ‘आत्ताच घेतला’ म्हणाले आणि बाकीचे चहा पीत असताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. ते लग्न काही जमलं नाही. मामीला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही. म्हणाली, “मी इचारलं, त्यांनी सांगितलं. आता काय त्यांचं तोंड उघडून वतायचा होता व्हय?”

मामीचं गाव पवनानगरच्या थोडं अलीकडे. माझी आई गेल्यावर मी तिच्याचकडे वाढले. मामा लवकर गेला. सुधीर, तिचा एकुलता एक मुलगा, शिकून शहरात फ्लॅटवर राहायला गेला. मी मात्र वडगावला नोकरी धरली आणि जीपने जा-ये करत मामीजवळच राहिले. तिच्या घरात एकच कायदा होता: इचारायचं तर ऐकायचं, न्हाईतर इचारू नये. दुसरा भागही ती तितक्याच कडकपणे पाळायची. अकरावीला तळेगावच्या कॉलेजात घालताना तिने मला काही विचारलं नाही, सरळ दप्तर हातात दिलं. पण पुढे एका स्थळाबद्दल, सगळं ठरत आलेलं असताना, तिने विचारलं, “तुला पायजे का हा?” मी मान हलवली. त्याच संध्याकाळी तिने त्या घरी जाऊन नकार सांगितला आणि भावकीच्या शिव्या खाल्ल्या. मला एका शब्दाने बोलली नाही.

खोट्या प्रश्नाची तिला चीड होती. गावात एकदा ग्रामसभा भरली. गायरानातून वर कॅम्पिंगवाल्यांच्या तंबूंपर्यंत रस्ता काढायचा की नाही, हे गावाला विचारण्यासाठी. मामी लुगड्याचा पदर खोचून उठली आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, “त्यो जेसीबी सकाळधरनं हुबा हाय. मग आमाला कशाला बोलावलं?” लोक हसले. हात वर झाले, रस्ता झाला. मामीचा हात खालीच होता. ‘विरोधात एक’ असंही कुणी लिहून घेतलं नाही, ठराव एकमताने मंजूर झाला म्हणे. आजही त्या रस्त्यावरून जाताना माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तर अशी ही बाई वयाच्या साठीत व्हिडिओ गेम खेळायला लागली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पाय लांब करून बसणं भाग होतं. सुधीरने हौसेने घेतलेलं आणि फ्लॅटवर बायको ओरडते म्हणून गावी आणून ठेवलेलं ते यंत्र टीव्हीखाली धूळ खात पडलेलं होतं. एका रविवारी मी ते सहज लावून दाखवलं. त्यातल्या खेळात आपण एक वाटसरू असतो. गावोगाव फिरायचं, माणसं जोडायची, आणि जागोजागी खेळ आपल्याला विचारतो, आता काय करू? पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात. बटण दाबून एक निवडायचं, पुढची गोष्ट त्याप्रमाणे वळते. हे समजल्यावर मामीने चष्मा पुसला आणि मला म्हणाली, “म्हंजी ह्यो इचारतो आनि ऐकतो?” मी हो म्हणाले. तिने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला, तो मला परत मिळाला नाही.

दुपारची भाकरी झाली की ती बसायची. इंग्रजी मी वाचून मराठीत सांगायची. मी कामावर असले की ती माणसांच्या चेहऱ्यांवरून ठरवायची. त्या खेळात कुणाच्याही घरात शिरून पेट्या उघडता येतात, त्यातलं सोनंनाणं उचललं तरी कुणी काही बोलत नाही. मामीने कधी एक पेटी उघडली नाही. लांडगे दिसले की लांबचा वळसा घालायची. आणि रस्त्यात दिसेल त्या प्रत्येक माणसाशी बोलायची, तो तेच तेच वाक्य बोलत असला तरी. “एवढ्या लांबनं आलोय, इचारपूस केली पायजे,” म्हणायची. सुधीरने म्हणे हा खेळ महिन्याभरात संपवला होता. मामी महिन्याभरात पहिल्या गावाच्या वेशीपर्यंत पोचली होती.

त्या गावात तिला तानी भेटली. खेळातलं तिचं नाव लांबलचक आणि परकं होतं, मामीने तिचं तानी केलं. खेचरं हाकणारी, एका डोळ्याने अधू, तोंडाने फटकळ म्हातारी. ती आपल्याबरोबर चालते, रात्री मुक्कामाला शेकोटी पेटवते, रस्सा रांधते. मामीने चांगलं चिलखत स्वतःला न घालता तानीला घातलं. दोघींचं छान चाललं होतं. मग तो पूल आला.

मागून सैन्य येतंय आणि पुलावर कुणीतरी थांबायला हवं. खेळ विचारतो: तानीला थांबवू, स्वतः थांबू, की पूल पेटवून पळू? मामीने क्षणाचाही विचार न करता ‘स्वतः थांबू’ निवडलं. तानीने तिला बाजूला ढकललं आणि स्वतः पुढे होऊन मेली. मामीने रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “माझं चुकलं. पयल्यापासनं लाव.”

पुन्हा पहिल्यापासून, वेशीपासून, सगळ्यांची विचारपूस करत. ह्या वेळी पूल पेटवला, तर तानी पलीकडच्या बाजूला अडकली. मग ‘तानीला थांबवू’ हेही करून पाहिलं, ती लढून सुटेल म्हणून. सुटली नाही. एकदा तर मामी तिच्याशी मुद्दाम तुटक वागली, म्हणजे तिला माया लागणार नाही आणि ती आपल्यासाठी जीव देणार नाही. तिने दिलाच. शेवटी मामीने काळजावर दगड ठेवून तानीला बरोबर घेतलंच नाही, तिच्या गावात, तिच्या घरात सोडलं. पुढच्या मुक्कामाला एक निरोप्या आला आणि त्याने सांगितलं की ते गाव जळलं. मामीने रिमोट गादीवर टाकला. “घरात ठिवली तरी मारली का तिला?”

मी इंटरनेटवर शोधलं. तानी वाचत नाही. काहीही निवडा, वाचत नाही. जगभरातली माणसं तेच लिहून रडत होती, आणि काही शहाणे त्यांना समजावत होते की ह्यामुळेच गोष्टीला खोली येते, मरण अटळ असतं हेच खेळाला सांगायचं आहे. मी हे सगळं मामीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग अशी भडकली की अंगणातली कोंबडी उडाली. “मरन अटळ हाय हे मला शिकवतात? नवरा न्हाई गेला माझा? मरायची आसंल तर मरू दे तिला, मी रडीन आनि गप बशीन. पन मग मला इचारू नका. बटनं तीन आनि वाट येकच. ही लबाडी झाली.”

मला त्या वेळी थोडं हसू आलं होतं. आता येत नाही. मरण लिहिणाऱ्याने मरण लिहावं, तो त्याचा हक्क. पण माणसाच्या हातात बटण द्यायचं, त्याला तळमळायला लावायचं, आणि निकाल आधीच लिहून ठेवायचा, ह्यात कसली आलीय खोली? मेलेल्याचं ओझं जिवंताच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हायची ती युक्ती आहे. मामी कित्येक महिने ‘माझं चुकलं’ म्हणत पुन्हा वेशीपासून चालत होती, ह्याचा राग मला अजून येतो.

शेवटी तिने स्वतःच एक चौथी वाट काढली. पुन्हा सगळा प्रवास केला, पुलाच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामावर तानीला शेकोटीपाशी बसवलं आणि पुढे गेलीच नाही. सैन्य येत नाही तिथे, आपण पाऊल टाकल्याशिवाय. रोज दुपारी ती यंत्र लावायची, तानीशेजारी बसायची. तानी तिची ठरलेली चार-पाच वाक्यं बोलायची, वारा फिरलाय, खेचर लंगडतंय. मामी तांदूळ निवडता निवडता हुंकार द्यायची. मला तिने एकदाच बजावलं, “माझ्या माघारी हिला पूल वलांडू दिऊ नकोस.” मी बरं म्हणाले.

माघारीची वेळ फार लांब नव्हती. पोटात दुखणं निघालं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता बरं होण्यातलं नाही. सुधीर आला. ओटीवर सगळ्यांना बसवलं आणि सगळ्यांसमोर त्याने तिचा हात धरून विचारलं, “आई, तुला काय वाटतं? घरी राहायचं, इथल्या दवाखान्यात, की मोठ्या हॉस्पिटलात? तू म्हणशील तसं.” मामीने त्याच्याकडे किती आशेने पाहिलं ते मी विसरणार नाही. “घरी,” ती म्हणाली. “हितंच. नळ्या नको, सुया नको.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सुधीरनेही.

आणि पुढच्या आठवड्यात तिला धाप लागली तेव्हा दारात ॲम्ब्युलन्स उभी. मी आडवी गेले. सुधीर म्हणाला, “बाजूला हो, बेड आधीच सांगून ठेवलाय.” आधी म्हणजे कधी, हे मी तिथेच ओरडून विचारलं. तो ओटीवर तिचा हात धरून बसला होता, त्याच्याही आधी. सुधीर वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. तो घाबरला होता. पण घाबरलेल्या माणसाने ‘आई, मी तुला नेणार’ असं म्हणावं. तिने आदळआपट केली असती आणि गेली असती. विचारायचं नाटक कशाला?

ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या पायाशी बसले होते. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. पवनानगरचा फाटा गेला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात थोडा उचलून तीन बोटं दाखवली. मग त्यातली दोन मिटली. सुधीरला वाटलं, तिला काही हवंय. मी काही सांगितलं नाही. काही दिवसांनी ती तिथेच गेली, काचेपलीकडे, नळ्यांसकट.

दहाव्याला सगळे नदीकाठी जमलो. पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे ओळीने बसलेले, एकही खाली येईना. मग सुरू झालं. “वैनी, घर इकत न्हाई.” “मावशी, जमिनीचं सगळं सरळ करू.” “नातीला शिकवू.” जन्मात कधी तिचं न ऐकलेली माणसं हात जोडून तिची इच्छा विचारत होती. गुरुजींना वडगावला दुसरं कार्य होतं. ते म्हणाले, “फार उशीर होतोय. दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ का?” त्यांच्या बोटांनी दर्भ केव्हाच वळायला घेतला होता.

“नको,” मी म्हणाले.

गुरुजी हसून म्हणाले, “ताई, चालतं तसं. शास्त्रात सोय आहे.” भावकीतला एकजण म्हणाला, “आगं, आटप की. ऊन लय झालंय.” मी म्हणाले, “त्यांनी विचारलं, मी सांगितलं. चालणारच होतं तर विचारायचं नव्हतं.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटलं, आता सुधीर मला गप्प करणार. तो पुढे आला, गुरुजींच्या हातातला दर्भ हळूच काढून घेतला आणि पिंडासमोर मातीतच बसला. “आई, तुला विचारलं तेव्हा बेड सांगून झाला होता,” एवढंच म्हणाला. इतरांसारखं वचन मात्र कसलंच दिलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “थांबू आपण.”

गुरुजी पुढचं समजावून निघून गेले, मागोमाग बरेच लोकही. आम्ही उन्हात बसून राहिलो. खूप उशिराने एक कावळा उतरला, इकडेतिकडे बघत आला आणि भाताचं ढेकूळ घेऊन गेला. सुधीरच्या बोलण्याने आला असं मी मानत नाही. त्यालाही भूक लागली असेल. पण आम्ही थांबलो होतो, एवढं खरं.

परत जायच्या दिवशी सुधीर टीव्हीसमोर उभा राहिला. पोरं मागे लागलीत म्हणाला, आणि विचारलं, “हे नेऊ का?” मी आधी त्याचे हात पाहिले. रिकामे होते, वायरही काढलेली नव्हती. मी नको म्हणाले. आत पुलाच्या अलीकडे तानी बसलेली आहे, हे त्याला सांगायची मला गरज वाटली नाही. त्याने ‘बरं’ म्हटलं आणि तो टीव्हीपासून दूर झाला.

माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तरी मी पातेलं हातात घेतलं आणि त्याला विचारलं, “चहा घेणार?”

“नको,” तो सवयीने म्हणाला.

मी पातेलं फळीवर ठेवलं. त्याने फळीकडे पाहिलं, मग पिशवी उचलून तो जीपकडे चालू लागला.