राखी बांधली की मिटलं

राखीपौर्णिमा आली की माझं डोकं फिरतं. भावांना बांधते, गोडधोड करते, पण फिरतंच.

पाचवीत होते मी. कोपरखैरण्याला आमची एक खोली. खोल्यांची सगळी लाईन साताऱ्याकडची, बहुतेकांचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. वडिलांच्या टोळीचा मुकादम चार घरं सोडून राहायचा. त्यानंच वडिलांना कामाला लावलेलं. पोरांना गोळ्या वाटायचा, गणपतीची वर्गणी गोळा करायचा. लाईनीत त्याला मोठा मान. एका दुपारी आईनं दिलेली भाजी घेऊन गेले, तर मेल्यानं दार लावलं आणि मला नको तिथं हात लावला. मी त्याच्या हाताला कडकडून चावले आणि पळाले.

आईला सांगितलं, आईनं वडिलांना. संध्याकाळी वडील भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन बसले. मला वाटलं, आता त्याचं काही खरं नाही. कसलं काय. पोलिसात नको, पोरीचं नाव खराब होईल. पुढं लग्न जमायचं नाही. पाचवीतल्या पोरीच्या लग्नाची काळजी ह्यांना. मुकादमाशी वाकडं घेतलं तर टोळीतनं बाहेर, ही दुसरी काळजी. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "राखीपुनव आलीच हाय. पोरीला राखी बांधू द्या त्याला. एकदा भाऊ झाला की हात लावायचा न्हाय." सगळ्यांना पटलं. चहा झाला, माणसं उठली.

ज्याला जोड्यानं हाणायचा त्याला मी ओवाळायचं. माझं मत विचारायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

राखीच्या दिवशी आईनं माझी वेणी घातली आणि आई, वडील, ते दोन म्हातारे, सगळे त्याच्या घरी गेलो. डोक्यावर टोपी घालून तो पाटावर बसलेला. हात पुढं केला, तर मनगटापासून वर राख्याच राख्या. त्याच्या बहिणी तर गावाला.

"ह्या कोणी बांधल्या?" मी विचारलं.

"आपल्याच लाईनीतल्या पोरींनी. सगळ्यांचा दादा हाय मी," तो हसत म्हणाला.

शेजारची दुसरीतली पोर तिथंच भिंतीला टेकून उभी होती. नुकतीच बांधून झाली होती तिची. मी तिला विचारलं, "तुला कोणी सांगितलं बांधायला?"

"आईनं. राखी बांधली की परत नाय करणार म्हणाली."

वडिलांनी ऐकलं, दोन्ही म्हाताऱ्यांनी ऐकलं. एकजण हलला नाही. माझ्या अंगाची नुसती आग झाली. आई मात्र उठली आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"माझी पोर बांधणार न्हाय," ती वडिलांना म्हणाली. "तुमी दुसरी टोळी बघा. न्हाय मिळाली तर गावाला जाऊ."

एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं त्या पोरीला, आणि ती दोघींना घेऊन बाहेर पडली.

आमच्या दारापर्यंतही पोचलो नव्हतो, तेवढ्यात त्या पोरीची आई धावत आली. मला वाटलं, पोरीला पोटाशी धरील. तिनं पाठीत धपाटा घातला. "मिटलेलं उकरून काढतीस व्हय गं?" म्हणाली आणि दंडाला धरून तिला परत त्याच्याच घरी घेऊन गेली. अजून त्याला पेढा भरवायचा राहिला होता.