सुया टेकवताना

ताई टेबलावर वाकलेल्या असल्या की खोलीत येणारा माणूस आपोआप पाय हलके टाकी. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. पण टेबलाला टेकलेली कोपरं, भिंगाला लावलेले डोळे आणि स्क्रूवर इतक्या सावकाश फिरणारी बोटं, की ती फिरताहेत की नाही ते कळू नये. हे पाहिलं की बोलता माणूसही गप्प व्हायचा.

काम तसंच होतं. दूर कुठेतरी एका प्रचंड यंत्रात कण एकमेकांवर आदळायचे होते, आणि त्या धडकेतून काय काय उडालं हे टिपायला सिलिकॉनचे सेन्सर लागणार होते. सेन्सर म्हणजे तळहाताएवढी, आरशासारखी चकचकीत, अतिशय पातळ पत्री. यंत्रात बसवण्याआधी अशी एकेक पत्री तपासायची. काळ्या पेटीतल्या धातूच्या पाटावर ती ठेवायची, भिंगातून बघत तिच्या ठरलेल्या ठिपक्यांवर सुया टेकवायच्या, झाकण लावून आत अंधार करायचा आणि विजेचा दाब हळूहळू चढवत न्यायचा. चांगला सेन्सर दाब वाढला तरी शांत राहतो. कच्चा असला की मध्येच धीर सोडतो, आणि पडद्यावरची सरळ जाणारी रेघ एकदम उभी वर उसळते. रेघ उसळली की सेन्सर बाद.

तपासणीच्या विभागात ताई सगळ्यांत जुन्या. सुई इकडची तिकडे झाली तर पत्रीवर ओरखडा उठतो, म्हणून ती टेकवताना कोणीही श्वास रोखूनच धरतो. ताईंना तर एरवीही बोलायचं जिवावर येई. त्यांच्याकडून पूर्ण वाक्य हवं असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो, अशी विभागात थट्टा चाले. ताई तीही हसून ऐकून घेत, न बोलता.

घरी मात्र उलट कारभार होता. ताईंच्या यजमानांचं केस कापायचं दुकान होतं आणि गल्लीत त्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणत. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या केसांपासून देशाच्या कारभारापर्यंत सगळ्यावर त्यांचं मत तयार. लग्न ठरलं तेव्हाही दोघांच्या वाटचं तेच बोलले होते. “मी तुम्हाला पसंत आहे असं धरून चालू ना?” ताईंनी मान हलवली होती, आणि त्यानंतर बोलायची जबाबदारी त्यांची, ऐकायची ताईंची, असा संसार छान चालला होता. संध्याकाळी ताई भाजी निवडत बसत आणि समोर रेडिओ दिवसभरातली गिऱ्हाइकं नकलांसकट हजर करीत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. वाचा गेली.

उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई समजावून सांगत म्हणाल्या, “त्यांना सगळं कळतंय. फक्त शब्द सापडत नाहीत. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा. साधं, रोजचं, काहीही. कानावर पडत राहिलं पाहिजे.”

ताईंनी मान हलवली. पण संध्याकाळी खुर्ची ओढून समोर बसल्या की जीभ टाळ्याला चिकटे.

“अहो, आज भाजी चांगली मिळाली.”

ते बघत राहत.

“स्वस्त नव्हती, पण ताजी होती.”

संपलं. ते पुढच्या वाक्याची वाट बघत, इतकी शहाण्यासारखी, की ताईंना तिथे बसवत नसे. कुकर बघायला म्हणून त्या उठत.

दिवसा रेडिओंजवळ त्यांची थोरली बहीण असे. तिचं तोंड भावासारखंच सुटलेलं. “अगं, बोल की काहीतरी!” ती म्हणायची. “मी दिवसभर बोलून घसा बसवून घेते आणि तू आलीस की घराची लायब्ररी होते.”

“काय बोलू वन्सं?”

“काय बोलू म्हणे! तीस वर्षं नुसतं ऐकलंस, त्यातलंच दे परत.”

त्याच सुमारास ताई सेन्सरशी बोलायला लागल्या.

त्यांचं टेबल कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत होतं, उजेड आत येऊ नये म्हणून दार लावून घ्यायची पद्धत. तोंडावर मास्क लावला की भिंगं वाफेने धूसर होत, म्हणून तिथे मास्कची सक्ती नव्हती. पेटीत पत्री ठेवली, झाकण उघडं, चेहरा तिच्यापासून वीतभर, आणि एका सकाळी सुई खाली आणता आणता ताईंच्या तोंडून निघून गेलं, “घाबरू नकोस हं. आज बसमध्ये काय झालं सांगते.”

आणि सांगितलं की. एक बाई उघडी छत्री घेऊनच कशी चढली, वाट कशी अडली, आणि कंडक्टर कसा म्हणाला, ‘बाई, छत्रीला वेगळी सीट देऊ का?’ पत्री चकचकत राहिली. ती काही समोर बसून वाट बघत नव्हती. ताईंना वाटलं, हे जमतंय. इथे नीट बसवलं की संध्याकाळी घरी जसंच्या तसं सांगता येईल. मग रोजच सुरू झालं. सेन्सरला सांगताना त्या कंडक्टरचा आवाजही काढू लागल्या. घरी मात्र उंबऱ्याशी येईतो सगळं आटे, आणि पुन्हा भाजी ताजी होती एवढंच उरे. तरीही ताईंना धीर होता. आज नाही तर उद्या, तालीम चालू होती.

अशात ताईंच्या टेबलावर सेन्सर बाद व्हायला लागले. आधी अधूनमधून, मग जवळजवळ रोज. त्याच खोक्यातले दुसऱ्या टेबलावर गेलेले सेन्सर मुकाट पास होत. तारा बदलल्या, सुया बदलल्या, पेटीसुद्धा बदलून पाहिली. पेटीत कोरडी हवा सोडलेली असते. तिच्या नळीशी लावलेला दमटपणाचा मीटर सगळं कोरडं ठाक असल्याचं दाखवत होता.

विभागप्रमुख मॅडम स्वतः आल्या. त्या उभ्याउभ्या बोलणाऱ्या, पण त्या दिवशी स्टूल ओढून बसल्या, तेव्हाच ताई काय ते समजल्या.

“ताई, निम्मा माल कारखान्याला परत पाठवायची वेळ आलीये. आणि कारखाना म्हणतोय, माल ठीक आहे, तुमचं तपासणं बघा. आठवडाभर बघू. नाही सुधारलं तर हे टेबल मला दुसऱ्याकडे द्यावं लागेल. तुम्हाला पॅकिंगला पाठवीन. तिथे ताण नाही.”

पॅकिंग म्हणजे लांबच लांब टेबल, एका रांगेत बसलेली माणसं, चिकटपट्टीचा चरचर आवाज. काम वाईट नव्हतं. पण तिथे माणसांच्या देखत तोंड उघडायचं म्हणजे घरच्यासारखंच. ही खोली गेली तर यांच्याशी बोलायला आपण कधीच शिकणार नाही, हे ताईंना लख्ख दिसलं. हे मॅडमना कसं सांगणार? ताईंनी मान हलवली.

ताईंची बाजू घेतली ती ज्योतिष्याने. हा संगणकावर सेन्सरची नक्कल उभी करणारा चाळिशीतला गृहस्थ. पत्रीचे बारीक बारीक चौकोन पाडून आत विजेचा ताण कुठे किती असेल ते तो गणिताने काढी आणि खरा सेन्सर हातात यायच्या आधीच तो कसा वागेल ते सांगे. म्हणून ज्योतिषी. अंदाज चुकला की लोक त्याला दक्षिणा परत मागत.

“माझ्या पत्रिकेत हे सगळे दीर्घायुषी आहेत,” तो ताईंना म्हणाला. “मधेच मरताहेत म्हणजे कुठलातरी ग्रह माझ्याकडून सुटलाय. मी शोधतो.”

त्याने नकलेतल्या पत्रीला ओरखडे पाडून पाहिले, तापमान चढवलं, कडा खडबडीत केल्या. ताईंच्या टेबलावर उसळणाऱ्या रेघेसारखी रेघ काही येईना. शेवटी त्याने पत्रीच्या अंगावर ओलाव्याचा थर घातला, डोळ्यांना न दिसणारा. तशा ओलसर पृष्ठभागावरून वीज कडेपर्यंत पसरते आणि कोपऱ्यात ताण साठतो. रेघ बरोब्बर तिथे उसळली, जिथे ताईंची उसळत होती.

“पाणी आहे ताई, पाणी!” तो धावतच आला. “पण कोरड्या हवेत पाणी येतं कुठून?”

“मी हातमोजे घालते,” ताई म्हणाल्या.

“तुम्हाला कोण बोलतंय! मी जरा बसून बघतो.”

तो दिवसभर स्टुलावर बसला. परका माणूस शेजारी म्हटल्यावर ताईंनी तोंड घट्ट मिटून काम केलं. एकही सेन्सर बाद झाला नाही.

“तुम्ही आलात की शहाण्यासारखे वागतात,” ताई म्हणाल्या.

“मग मला इथेच बांधून ठेवा,” ज्योतिषी म्हणाला, पण डोकं खाजवतच गेला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता आणि पहिलाच सेन्सर बाद झाला.

दुपारी तो विसरलेला चष्मा न्यायला आला. दार लोटलं तर आत कोणाशी तरी बोलणं चाललेलं.

“…मग वन्सं म्हणाल्या, दाढी मी करून देते. तुम्ही असे डोळे मोठे केलेत! मला हसू आलं, पण मी हसले नाही. हसायला हवं होतं ना मी?”

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ताई पेटीवर ओणवल्या होत्या, ओठ पत्रीच्या अगदी जवळ, आणि सुई सावकाश खाली येत होती. ज्योतिषी उंबऱ्यातच थांबला. काचेवर तोंडाने ‘हा’ करून ती पुसतात ना, तसा ताईंचा एकेक शब्द त्या गार, चकचकीत पत्रीवर बसत होता.

त्याने सुई टेकेपर्यंत थांबून मग दारावर टिचकी मारली. ताई दचकल्या. कानापर्यंत लाल झाल्या.

“किती ऐकलंत?”

“दाढीपासून.” तो स्टुलावर बसला. “ताई, ते ओलाव्याचं सापडलं मला. पण सांगायला जीभ रेटत नाहीये.”

ताईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पेटीतल्या पत्रीकडे, मग उघड्या झाकणाकडे. हात आपोआप तोंडावर गेला.

“माझा श्वास.”

“मीटर नळीशी आहे, त्याला कोरडी हवाच दिसणार. आणि तुम्ही झाकण लावून लगेच दाब चढवता, थर उडायला वेळच मिळत नाही. पूर्वी तुम्ही बोलत नव्हतात, म्हणून कधी झालं नाही.” तो घाईने म्हणाला, “सेन्सर मेलेले नाहीत. कोरड्या कपाटात ठेवले की उद्या उठून बसतील.”

“आणि मी त्यांना बाद म्हणून लिहीत होते.” ताईंचे डोळे भरले. “मला वाटायचं, हे ऐकून घेताहेत बिचारे.”

“घरी बोलायची सवय करत होतात?”

“जमत नाही हो. ते बघत बसतात नुसते.” मनगटाने डोळे पुसत त्यांनी विचारलं, “मॅडमना तुम्ही सांगणार?”

“माल परत निघालाय, सांगावं तर लागेल. ओलावा एवढंच सांगतो. बोलण्याचं कशाला?”

ताई उठल्या. साडीवरचा पांढरा कोट नीट केला. “अर्धवट सांगितलं तर मॅडम पाण्याची गळती शोधत छत फोडतील. मीच सांगते.”

आणि त्यांनी सांगितलं. मॅडमच्या टेबलासमोर उभ्या राहून, छत्रीवाल्या बाईपासून दाढीपर्यंत, एका दमात. इतकं लांब बोलणं ताईंच्या तोंडून मॅडमनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“पत्र्या आधी कपाटात ठेवा,” अखेर त्या म्हणाल्या. “उद्या माझ्यासमोर पुन्हा तपासा. मग ठरवू.”

दुसऱ्या दिवशी त्या छोट्या खोलीत ज्योतिषी दाराशी आणि मॅडम ताईंच्या पाठीशी उभ्या होत्या. ताईंनी ओठ आत ओढून घेतले, श्वास धरला आणि बाद ठरवलेल्या पत्रीवर सुई टेकवली. झाकण लागलं. दाब चढत गेला. जिथे रेघ उसळायची ती जागा आली आणि मागे पडली. रेघ आडवीच चालत राहिली, शेवटपर्यंत. मग दुसरी पत्री, मग तिसरी. मॅडमनी स्वतः तो मीटर नळीपासून काढून पत्रीच्या पाटाशेजारी बसवला.

“टेबल तुमचंच,” त्या म्हणाल्या. “पण इथे चकार शब्द नाही. कळलं?”

ताईंनी मान हलवली. मग वाटलं, निदान एवढं तरी बोलावं. “कळलं मॅडम.”

आता बोलायचं ते बोलायला ही खोली उरली नव्हती. परतीच्या वाटेवर ताई कुठलीच तालीम करीत नव्हत्या. घरात शिरल्या, तेव्हा यजमान खिडकीशी बसले होते, वन्सं आत कणीक मळत होत्या. ताईंच्या खांद्यावरची पिशवी तशीच, चपला पायातच.

“अहो,” ताई म्हणाल्या, “माझं टेबल जाणार होतं. तुमच्यापायी.”

त्यांनी मान वर केली.

“तुमच्याशी बोलता येईना, म्हणून मी त्या पत्र्यांशी बोलत होते. अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन. माझी वाफ बसून बसून निम्म्या बाद झाल्या! कारखान्याशी भांडण लागलं. तो ज्योतिषी बिचारा रात्रंदिवस ग्रह शोधतोय, आणि मी इकडे पत्रीला तुमची दाढी कशी झाली ते सांगतेय!”

मग रेडिओंच्या छातीतून काहीतरी वर आलं. ताई घाबरून पुढे झाल्या. ते हसत होते. तोंडाची एकच बाजू उचलली जात होती, पण हसू पुरतं होतं, खांदे गदागदा हलवणारं, दुकानात गिऱ्हाइकापासून वस्तरा बाजूला धरून हसत तसं. डाव्या हाताने ते डोळे पुसायला लागले.

कणकेचे हात घेऊन वन्सं धावत आल्या. “काय गं, काय झालं याला?”

“काही नाही वन्सं. मी बोलले.”

रेडिओंनी डाव्या हाताने ताईंचा पदर धरून खाली ओढला. ताई बसल्या. यजमानांनी भुवया उंचावल्या: पुढे?

“पुढे काय,” ताई म्हणाल्या, “मॅडमनी स्टूल ओढलं ना, तेव्हाच मी समजले. थांबा, त्या कशा बसतात ते आधी दाखवते.”