रुपयाएवढी मोकळी जागा

काल बशीत वाढलेल्या जंतूंना सळईचं टोक लावून वर उचललं, तर लाडवाच्या पाकासारखी लांब तार निघाली. पाकाला अशी तार आली की आई खूश व्हायची. आमच्या लॅबमध्ये तार निघाली म्हणजे जंतू भलताच जहाल. न्यूमोनिया झालेल्या एका रिक्षावाल्याच्या कफातला होता तो.

आज सकाळी त्याच जंतूंची दुसरी बशी उघडली. तिच्यात औषधांच्या इवल्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. जंतू एकेका चकतीला खेटून वाढलेले, जणू ते औषधच नव्हे. फक्त शेवटच्या चकतीभोवती स्वच्छ, गोल मोकळी जागा! मी ती पट्टीनं मोजली. पुन्हा मोजली. रुपयाएवढ्या त्या रिकाम्या जागेत एक अख्खा माणूस मावतो, आणि त्याचं घरही.

वॉर्डचा फोन लागेना, म्हणून जिन्यानंच धावत सुटले. दुसऱ्या मजल्यावर त्या रिक्षावाल्याची बायको पायरीवर बसली होती.

"ताई, काय झालं?"

"एक औषध सापडलंय!" मी धापा टाकत थांबले.

तिनं पटकन पाय आवरून वाट दिली. "मग थांबलात कशाला? पळा की!"