जपानी फुलदाणीत आईचा चिवडा

मंडळी, हसावं की कपाळावर हात मारावा, कळत नाहीये!

इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये आमच्या शेजारी एक जपानी काकू राहतात. गेल्या आठवड्यात त्यांनी नागपूरहून आलेल्या माझ्या आईला सिरॅमिकची जुनी फुलदाणी दिली, आत कॅमेलियाची एकच फुललेली फांदी. त्यांच्या आईची होती म्हणे, निळसर हिरवी, काठाला जरा खडबडीत. टीव्हीशेजारच्या शेल्फवर काय दिसत होती यार!

आज ऑफिसमधून आले तर शेल्फ रिकामं.

"फूल वाळलं, म्हणून धुऊनपुसून परत देऊन आले," आई म्हणाली. "चिवडा भरला आत. लोकांचं भांडं रिकामं कसं द्यायचं?"

"आई, ते गिफ्ट होतं!"

सॉरी म्हणायला धावतच गेले. काकूंनी दार उघडलं ते चिवडा खातच. फुलदाणीत नवी फांदीसुद्धा तयार होती. मी सॉरी म्हणत आईचं रिकाम्या भांड्याचं लॉजिक सांगितलं.

"आमच्याकडेही रिकामं परत देत नाहीत," म्हणाल्या आणि फुलदाणी माझ्या हातात ठेवली.

कालपर्यंत "इथे करमत नाही, माझं तिकीट काढ" म्हणणारी आई आत्ता लाडवांसाठी बेसन भाजतेय. त्यामुळे आमचं शेल्फ पुन्हा रिकामं होणार. होऊ दे!

तुमच्या किचनमध्ये शेजाऱ्यांचं कुठलं भांडं पडून आहे?