पुंडलिकनगरातली शिडाची होडी

बोट वाकवून काका होडीच्या पोटावर तीनदा टकटक करत आणि लगेच कान लावत. मग मान डोलावून जाहीर करत, "तब्येत ठणठणीत हाये!"

ज्याच्यावर राग आहे आणि ज्याच्या आठवणीनं हसूही येतं, असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. माझा हा. आमची गल्ली त्यांना काका म्हणे. धरणाची पाणीपातळी वहीत लिहिण्यात त्यांची सारी नोकरी गेलेली. मी जुन्या मालाचा व्यापारी. पाचोडच्या बाजारात जुने पत्रे विकत सुरुवात केली आणि शहरात गोदाम उभं केलं ते भाव करून. सांगितलेला पहिला भाव मी तोवर कधी कुणाला दिला नव्हता, आणि मलाही कुणी दिला नव्हता. काकांनी दिला. तेच माझं दुखणं.

त्या वर्षी जायकवाडी आटलं होतं. धरणावरचा एक जुना होडी क्लब बंद पडला, त्याचं भंगार मी उचललं. लोखंडाच्या ढिगाबरोबर फायबरची शिडाची होडी फुकटात आली. भंगारात फायबरला कुणी विचारत नाही. डोलकाठी तेवढी ॲल्युमिनियमची. ती कापायला घेतली, तोच दारात सायकल टाकून काका धावत आत आले.

"थांबा शेठ! काठी कापू नगा. होडीचे किती?"

धरण कोरडं आणि हे होडी विचारतायत! तोंडाला आलं ते मी बोललो, "आठ हजार." मनात म्हटलं, चारला सोडू. काकांनी खिशातून पाकीट काढलं, आठ हजार माझ्या हातावर ठेवले आणि होडीवर टकटक केली.

मी नोटा पुन्हा मोजल्या. म्हणजे दहा म्हणायला हवे होते. की पंधरा?

"अहो, भाव तरी करायचा!"

"कशाला? मला पायजे व्हती."

होडी त्यांच्या पुंडलिकनगरच्या अंगणात पालथी अशी बसली, की घरात अंग चोरून शिरावं लागे. काकू तिच्या पाठीवर कुरडया वाळवत आणि येणाऱ्याला सांगत, "लोक म्हातारपणी काशीला जातेत, आमचे हे अंगणातच समुद्र धुंडितेत."

तरुणपणी एका साहेबानं काकांना हिच्यातूनच धरणावर फिरवलं होतं. "इंजिन नाय, धूर नाय. नुसतं वारं, शेठ! अन् जुनी बांधणी. तवा फायबर नवं व्हतं, कारागिरांचा त्याच्यावर इश्वास नव्हता, म्हणून थरावर थर चढवले. आताच्या होड्या पापडावानी."

पुढच्या उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा येऊ लागला. गल्लीतली पिंपं पुरेनात. काकांनी होडी विटांवर सरळ बसवली, घासून धुतली. आत शिरलेलं पाणी काढायला मागं एक भोक असतं, त्यात पितळी नळ ठोकून बसवला आणि टँकरवाल्याला म्हणाले, "सोड पाईप हिच्यात."

"काका, होडीत पाणी? उलटंच झालं की!" टँकरवाला हसला.

"जी भायेरचं आत येऊ देत नाय, ती आतलं भायेर कशी जाऊ देईल?"

खरंच, उन्हाळाभर थेंब गळला नाही. आपण विकलेल्या मालापुढं रांग लावायची वेळ कुणावर येऊ नये. मी घागर घेऊन उभा असायचो. काका नळावरून ओरडत, "शेठ, दोनच! भाव करू नगा."

मग एका पावसाळ्यात धरण भरलं. टेम्पोत घालून, बिडकीनवरून आम्ही होडी पाण्यावर नेली. मला पोहता येत नाही, हे मी होडी काठापासून लांब गेल्यावर सांगितलं. मधोमध वारं पडलं आणि आम्ही तासभर एका जागी. मी चिडलो, आकाशाला शिव्या घातल्या. काका शिडाखाली आडवे होऊन हसत होते. "त्याच्याशी घासाघीस नाय चालत, शेठ."

शहर वाढलं. बिडकीनकडं कारखाने आले, धरणाकाठी फार्महाऊस झाली. साहेब लोकांना अचानक जुन्या जाड फायबरच्या शिडाच्या होड्या हव्याशा वाटू लागल्या. माझ्याकडं येऊन विचारत, "कुठं मिळेल?" आकडे ऐकून मला जेवण जाईना. काकांना विचारलं, की टकटक करून म्हणत, "ती नाय म्हणते."

शेवटी त्यांचं घर बिल्डरला गेलं. काका-काकू मुलाकडं पुण्याला निघाले, तिसऱ्या मजल्यावर. मला बोलावून म्हणाले, "न्या शेठ."

"किती?"

"आठ हजार."

सवयीनं घासाघीस करायला तोंड उघडलं, पण हात खिशात गेला. पुरते आठ हजार दिले. मग राहवलं नाही. "आता तरी सांगा काका, त्या दिवशी जास्तीत जास्त किती दिले असते?"

त्यांनी टकटक केली, कान लावला, खुदकन हसले. "तिलाच इचारा." आणि रिक्षात बसले.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातच ते गेले. होडी माझ्या गोदामात आहे. परवा एक साहेब दोन लाखांपर्यंत आले. म्हणाले, फक्त तो नळ काढून भोक बुजवून द्या. मी त्यांना चहासुद्धा न पाजता हाकललं. बायको म्हणते, विकून मोकळे व्हा. पण मूळ किंमत कळल्याशिवाय विकू कशी?

गोदामाला कुलूप लावण्याआधी मी रोज तीनदा टकटक करतो आणि कान लावतो. तब्येत ठणठणीत आहे. आकडा काही सांगत नाही.